बारांतला एक

ऑगस्ट सरत आला. वरच्या वावरातल्या तंबाखूची पानं जाड झाली, त्यांवर पिवळे ठिपके उमटले, तरी वेल्डा प्रुइटला कापणीला माणूस मिळेना. मजुरांची टोळी शेजारच्या बड्या शेतकऱ्याकडं, केसलरकडं, लागली होती. वेल्डानं मुकादमाची गाडी रस्त्यात अडवली, तेव्हा त्यानं काच अर्धीच खाली घेतली.

"बाई, तुमचं सहा एकर, त्याचं ऐंशी. त्यानं साफ सांगितलंय, प्रुइटकडं गेलात तर परत माझ्याकडं यायचं नाही."

"एखादा दिवस तरी या."

"तुम्ही माणूस चांगल्या आहात," मुकादम म्हणाला आणि काच वर गेली.

सात वर्षांपूर्वी केसलरचं कोठार जळालं होतं. आत लॉनी नावाचा मजूर झोपलेला होता, तो गेला. या भागात तंबाखू कोठारात टांगून खाली धुमसती आग ठेवतात, त्यामुळं दर हंगामात कुणाचं ना कुणाचं कोठार पेटतंच. पण केसलरच्या बांधाला रॉकेलचा रिकामा डबा सापडला. आणि वेल्डाचा नवरा थर्मन केसलरशी वाटेवरून झालेल्या भांडणात बियाण्याच्या दुकानात चारचौघांसमोर बोलून गेला होता, "जळो तुझं कोठार!" तेवढ्यावर गावातून निवडलेल्या बारा जणांच्या ज्यूरीनं त्याला दोषी धरलं; एकानं जरी नकार दिला असता तर तसं धरता आलं नसतं. जन्मठेप झाली.

कोठार पेटलं तेव्हा थर्मन चार मैलांवर एस्टेल ग्रेव्हज या म्हाताऱ्या विधवेच्या गोठ्यात अडलेल्या गाईचं वासरू ओढत होता. त्यानं हे आपल्या वकिलाला, गेंट्रीला, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. खटला उभा राहिला तेव्हा एस्टेल खुब्याचं हाड मोडून अलाबामात बहिणीकडं पडलेली. वेल्डानं तिथला पत्ता आणून दिला. "मी बघतो," गेंट्री म्हणाला, आणि त्यानं काही बघितलं नाही. गेल्या वर्षी, वकिलानं कामच केलं नाही म्हणून शिक्षा रद्द करा, असा अर्ज त्याच कोर्टात चालला. एस्टेल चाकाच्या खुर्चीतून आली, शपथ घेऊन सगळं बोलली. जज्जानं लिहिलं, बाई म्हातारी आहे, एवढ्या वर्षांनंतरच्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. अर्ज नामंजूर. आता राजधानीत, नॅशविलच्या वरच्या कोर्टात अपील होतं, सप्टेंबरात.

पण तंबाखू सप्टेंबराची वाट बघणार नव्हती. वेल्डा आणि तिचा सासरा हॉयट असे दोघंच कापणीला लागले. झाडाचं खोड सुरीनं शेंड्यापासून खाली मधोमध चिरत आणायचं, बुडाशी तोडायचं, मग झाड उलटं करून काठीवर मांड टाकल्यासारखं अडकवायचं. उन्हात पानं जरा मऊ पडली की भराभर कोठारात न्यायची, नाहीतर करपतात. पानांचा चीक हातांना लागतो, सुकतो, काळा पडतो. साबणानं निघत नाही. हॉयट सत्तरीच्या पुढचा. त्याचा उजवा हात कमरेच्या वर जात नव्हता. तो डाव्या हातानं चिरायचा, वेल्डा तोडायची, अडकवायची, उचलायची. दुपारपर्यंत तिच्या मनगटांना कापरं भरायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बांधाशी एक जुनी गाडी थांबली. साठीचा उंच, वाकलेला माणूस उतरला. त्यानं गोणपाटात गुंडाळलेली स्वतःची सुरी आणली होती.

"कापायला आलोय," तो म्हणाला.

हॉयटनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "डेन्टनचा हर्शेल ना तू? रस्त्याच्या खात्यातला?"

"आता निवृत्त झालो."

"बारांतला एक."

"हो."

"मग आमचं अजून काय कापायचं राहिलंय?"

हर्शेल सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. वेल्डानं पश्चिमेकडं बघितलं. तिकडं ढग जमत होते. ती पुढं झाली.

"त्या टोकाकडनं धरा," ती म्हणाली. "जपून, तिकडं गांधीलमाश्यांचं पोळं आहे."

"पोरी!" हॉयट ओरडला.

"बाबा, पाऊस आला तर तुम्ही एकटे उचलणार आहात का हे सगळं?"

हॉयट थुंकला आणि वाकून पुढच्या झाडाला लागला.

हर्शेलला काम येत होतं. हळू होता, पण हात पक्का होता. संध्याकाळी कोठारात काठ्या चढवायची वेळ आली, तेव्हा तोच वर चढला. दोन वाशांवर दोन पाय फाकून उभा राहिला. वेल्डा खालून काठी द्यायची, तो वरच्या वाशांवर चढवायचा. ओल्या पानांचं पाणी आणि माती त्याच्या तोंडावर पडत होती. हॉयट दारात उभा राहून बघत होता.

"डावीकडची दाटीत लावलीस," तो म्हणाला. "कुजेल."

हर्शेलनं काठी उचलून पुन्हा लावली.

"आता उजवीकडची."

त्यानं तीही पुन्हा लावली.

दुपारच्या जेवणाला मात्र हॉयटनं त्याला घरात बोलावलं नाही. घेवडा, मक्याचा पाव आणि टोमॅटो पानात घेऊन तो खिडकीकडं पाठ करून बसला. हर्शेल आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसून डब्यातलं खायचा. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी वेल्डा गार गोड चहाची बरणी घेऊन त्याच्याकडं गेली.

"म्हातारबा बघतायत," हर्शेल म्हणाला.

"बघू देत. प्या." ती फळीच्या दुसऱ्या टोकाला टेकली. "का आलात, ते सांगा."

त्यानं चहा प्यायला, बाहीनं तोंड पुसलं. "गेल्या वर्षी एस्टेलबाई कोर्टात बोलल्या, तेव्हा मी मागच्या बाकावर होतो."

"मला दिसला नाहीत."

"मी खाली मान घालून बसलो होतो." त्यानं बरणी फळीवर ठेवली. "खटल्याच्या वेळी ज्यूरीच्या खोलीत आम्ही दोघं दोन दिवस अडून बसलो होतो. मी आणि शाळेतली एक बाई. बाकीचे एकच विचारायचे, मग तो होता कुठं त्या वेळी? कुणी काही सांगितलंय का? कुणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या वकिलानं एक माणूस उभा केला नाही. दुसऱ्या दिवशी मी पण दोषी म्हणून हात वर केला."

वेल्डा हातावरचा चीक नखानं खरवडत राहिली.

"एस्टेलबाई तेव्हा साक्षीदाराच्या खुर्चीत बसल्या असत्या," हर्शेल म्हणाला, "तर जीव गेला असता तरी मी हात वर केला नसता. त्या शाळेतल्या बाईनंही केला नसता."

वेल्डाला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याचे पाय धरावेसे वाटले. तिनं दोन्ही केलं नाही. रिकामी बरणी उचलली आणि तरातरा घरात जाऊन वकीलबाईंना फोन लावला. रेनी कास्टिल नाव त्यांचं. थर्मनच्या बाजूनं लढायला सरकारनंच नेमून दिलेल्या, अपीलं चालवणाऱ्या. बोलणं तुटक, पण फोन कधी चुकवायच्या नाहीत. वेल्डानं एका दमात सगळं सांगितलं.

"ऐकतेय मी," रेनी म्हणाल्या. "पण याचा उपयोग नाही हो. ज्यूरीच्या खोलीत काय झालं, ते ज्यूरीतल्या माणसाला कोर्टात सांगता येत नाही. कायदाच आहे तसा. शिवाय वरच्या कोर्टात नवा साक्षीदार घेत नाहीत. खाली जे बोललं गेलं तेच वाचतात."

"म्हणजे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच विचारायचं नाही?"

"त्यालाच नाही."

"छान आहे."

"वेल्डा, मला जे सिद्ध करायचंय ते हेच आहे. एस्टेल आली असती तर निकाल वेगळा लागला असता, हे. ते मी त्याच्या तोंडून वदवू शकत नाही, पण ते खरं आहे हे आता मला ठाऊक झालं. मी जास्त जोरात उभी राहीन. त्याला माझ्याकडून धन्यवाद सांगा."

रविवारी वेल्डा तुरुंगात भेटीला गेली. दारावरच्या पहारेकरणीनं तिचे हात उलटेसुलटे करून बघितले. "हे काय?" "तंबाखूचा चीक." "धुऊन या." वेल्डानं धुतले, चीक निघावा म्हणून कच्चा टोमॅटो आणला होता तो चोळला, तरी हात काळेच राहिले. मागची रांग खोळंबली. शेवटी वरिष्ठ आला, त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "माझा बाप तंबाखूच करायचा. जाऊ दे तिला." वेल्डानं त्याचे आभार मानले. आपलाच नवरा बघायला मिळाला म्हणून आभार मानायची तिला आता सवय झाली होती, आणि तरी त्या दिवशी ते आतून निघाले.

थर्मननं आधी तिचे हातच धरले, वास घेतला. "कापणी चालू झाली."

"निम्मी झाली. कोण आलंय कापायला, सांग."

"कोण?"

"हर्शेल डेन्टन."

थर्मननं तिचे हात सोडले. केस पांढरे झाले होते त्याचे, गळ्यापाशी सदरा सैल पडला होता. "पुढच्या रांगेत बसायचा," तो म्हणाला. "निकाल वाचला तेव्हा बाकी सगळे खाली बघत होते. त्यानं एकट्यानं माझ्याकडं बघितलं."

"रागावलास?"

"बाबा त्याला छळत असतील."

"प्रत्येक काठी दोनदा लावून घेतात."

थर्मन हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले. "मग ठीक आहे. मला वाटलं, बाबा एकटेच वाशांवर चढत असतील. रात्रंदिवस मला तेच दिसायचं, बाबा पडलेले. आता झोप लागेल." मग म्हणाला, "त्याला म्हणावं, काम सोडून जाऊ नकोस."

अपीलाच्या दिवसापर्यंत सगळी तंबाखू कोठारात चढली. वेल्डाच्या गाडीचा क्लच गेला होता, म्हणून हर्शेलनं आपली गाडी काढली. हॉयट मागच्या सीटवर बसला. त्यानं बायकोच्या अंत्यविधीला घातलेला कोट घातला होता, टाय बांधला होता. मांडीवर कागदी पिशवी होती. वेल्डानं पहाटे सफरचंदाचं सारण भरून करंज्या तळल्या होत्या, त्यातल्या चार त्यानं मागून घेतल्या होत्या. वाटेत तो एकदा फक्त म्हणाला, "इथं डावीकडं वळायचं होतं." वळायचं नव्हतं.

कोर्टाच्या दारात त्याचा खिशातला चाकू काढून घेतला. पिशवी उघडून बघितली. आत दालन मोठं, थंडगार. रेनीबाई पुढं येऊन त्याच्याशी हात मिळवायला लागल्या, तेव्हा हॉयटनं काळे हात मागं घेतले. त्यांनी तरी एक हात धरला.

"थर्मनला कुठल्या दारानं आणतात?" हॉयटनं विचारलं.

रेनीबाईंनी वेल्डाकडं बघितलं. वेल्डाला ठाऊक होतं. तिला घरी सांगायचं धाडस झालं नव्हतं.

"मिस्टर प्रुइट, इथं कैद्याला आणत नाहीत," रेनी हळूच म्हणाल्या. "इथं फक्त वकील बोलतात."

"म्हणजे त्याचंच काम आणि तोच नाही?"

"हो."

हॉयटनं पिशवीचं तोंड दुमडलं, परत दुमडलं आणि बाकावर बसला. हर्शेल आत येऊन कुठं बसावं या विचारात उभा होता. समोरच्या बाजूला केसलरचा मुलगा आणि आणखी दोघं बसले होते. त्यांनी हर्शेलला ओळखलं, मान हलवली, जागा करून दिली. हर्शेलनं टोपी काढली आणि प्रुइटांच्या बाकाच्या टोकाला येऊन बसला. केसलरचा मुलगा बघतच राहिला.

तीन जज्ज आले. रेनीबाई बोलल्या. मग सरकारचा वकील उठला, तरुण होता, नीट बोलत होता. म्हणाला, खालच्या कोर्टानं त्या वृद्ध बाईंना ऐकलं आणि त्यांच्या सांगण्यावर भरवसा ठेवला नाही, त्यात वरच्या कोर्टानं हात घालू नये. मधल्या खुर्चीवर एक जज्जबाई होत्या. त्यांनी कागद वर धरला.

"बाई खोटं बोलतात, असं खाली कुठं लिहिलंय का?"

"तसं स्पष्ट नाही, पण..."

"म्हाताऱ्या आहेत, एवढंच लिहिलंय. मीही फार तरुण नाही." दालनात कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत. "त्या म्हणतात ते खरं असेल, तर हा माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी होता का?"

"नाही."

"मग दोन्हींतलं खरं कोणतं, हे कुणी ठरवायचं होतं?"

तरुण वकिलानं हातातला कागद खाली ठेवला. "ज्यूरीनं," तो म्हणाला.

वेल्डानं दोन्ही हात तोंडावर धरले. अजून निकाल काहीच नव्हता, तो यायला महिने लागणार होते. पण सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, उंच खुर्चीत बसून, मोठ्यानं तो प्रश्न विचारला होता. त्या बाईंचं नाव तिला माहीत नव्हतं. तिनं मनातल्या मनात त्यांच्या लेकरांबाळांना आशीर्वाद दिला.

अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटपलं. बाहेर पायऱ्यांवर हॉयट म्हणाला, "झालं? तेवढंच? तेवढ्यासाठी मी टाय बांधला?"

दमून तो एका पायरीवर बसला. पिशवी उघडली, आत बघत राहिला. मग ती हर्शेलपुढं धरली.

"घे."

"नको, म्हातारबा. थर्मनच्या आहेत त्या."

"थर्मनच्याच आहेत. त्याला नाही आणलं ना त्यांनी. पोरीनं पहाटे उठून तळल्यात, आता काय कबुतरांना घालू? घे म्हणतो ना!"

हर्शेलनं एक घेतली. हॉयटनं एक घेतली, एक वेल्डाला दिली. तिघं पायरीवर बसून गार करंज्या खात होते. चौथीचे हॉयटनं दोन तुकडे केले, मोठा हर्शेलला दिला. हर्शेलनं तो तुकडा संपवला. दुसऱ्या दिवसापासून तो घरात जेवायला लागला.

पुढं कोठारात धूर घातला. हिकरी झाडाची टणक लाकडं, वर ओला भुसा. तिघांनी पाळीपाळीनं लक्ष ठेवलं. पानं तपकिरी झाली, मग काळपट. थंडी पडली. जानेवारीत तिघं शेगडीपाशी बसून पानं खुडून त्यांच्या जुड्या बांधत होते, तेव्हा घरातला फोन वाजला. वेल्डा धावत गेली.

"वेल्डा, बसल्या आहात का?" रेनीबाई म्हणाल्या.

"उभी आहे. बोला."

"उलटवला. शिक्षा रद्द."

"परत सांगा."

"शिक्षा रद्द, वेल्डा. ऐका, वाचून दाखवते. 'साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्यूरीनं ठरवायचं होतं. आणि ज्यूरीपुढं ती कधी आणलीच गेली नाही.' तिघांचंही एकमत."

वेल्डा परत आली. तिनं नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा. हॉयटनं विचारलं, "हो?" ती म्हणाली, "हो." तो उठला नाही. त्याचे हात भराभर चालत राहिले. त्या सकाळी त्यानं चांगली पानं फाटक्या पानांत बांधली, फाटकी चांगल्यांत. नंतर सगळ्या जुड्या सोडून परत बांधाव्या लागल्या. हर्शेल बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून उभा राहिला.

खटला नव्यानं चालवायचा की सोडून द्यायचा, हे ठरवायला जिल्ह्याच्या सरकारी वकिलानं आणखी काही आठवडे घेतले. त्या दिवसांत वेल्डा एस्टेलकडं जाऊन आली. एस्टेल रजई पांघरून बसली होती.

"मी खरं तेच सांगितलं," ती म्हणाली. "त्यात आभार कसले मानतेस? खोटं सांगितलं असतं तर मेहनत पडली असती." आणि वेल्डाचा हात मात्र तिनं निघेपर्यंत सोडला नाही.

मार्चच्या सुरुवातीला कळलं, नव्यानं खटला चालणार नाही. वेल्डानं हर्शेलला अंगणात गाठलं. "मला तुमचे आभार मानायचेत."

तो दोन पावलं मागं सरला. "माझे नको. मी काय दिलं? जे नेण्यात माझाही हात होता, ते दुसऱ्यांनी परत आणलं."

"ते मला ठाऊक आहे," वेल्डा म्हणाली. "पण मला कुणाचे तरी मानायचेत. एवढे साठलेत की आत मावत नाहीत. तुम्ही समोर आहात. घ्या."

हर्शेलनं टोपी काढली आणि ते घेतले.

थर्मन घरी आला त्या दिवशी हर्शेल फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र लाकडं आणायचं ठरलेलं होतं. पुढच्या हंगामाची हिकरी गाडीत भरून तो आला, तेव्हा थर्मन ओट्यावर उभा होता. हर्शेल उतरला. काय बोलायचं ते ठरवून आला असावा.

"थर्मन, मी..."

थर्मन पायऱ्या उतरून आला आणि त्यानं हात पुढं केला. हर्शेलनं तो दोन्ही हातांनी धरला. दोघं तसेच उभे राहिले.

"पिकाकडं बघितलंस," थर्मन म्हणाला. "बाबांकडं बघितलंस. बस झालं. बाकीचं सावकाश बोलू. वेळ आहे आता." मग तो म्हणाला, "मी जरा टेकतो." ओट्यावरच्या बाकावर, उन्हात, तो आडवा झाला आणि बघता बघता झोपला. तोंड उघडं, एक हात खाली लोंबकळत. सात वर्षांत त्याला दिवसाउजेडी, दारं न आपटता, कुणी न ओरडता झोप मिळाली नव्हती.

हर्शेलनं गाडीतून पेट्रोलवरची करवत काढली, ती सुरू करायला दोरीला हात घातला.

"ए!" हॉयट दबक्या आवाजात म्हणाला. "अक्कल गहाण ठेवलीस का? ठेव ती खाली."

"मग ही लाकडं?"

"उतरव. हातानं. आपटायचं नाही."

हर्शेलनं एक लाकूड उचललं, दोन्ही हातांवर घेऊन कोठारापर्यंत चालत गेला आणि खाली वाकून ठेवलं. तरी जरा खट्‌ झालं. दोघांनी चमकून ओट्याकडं बघितलं. थर्मन हलला नाही.

"अंडी आहेत समज," हॉयट कुजबुजला, आणि डाव्या खांद्यावर एक लाकूड घेऊन त्याच्या मागं निघाला.

वेल्डा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनंही चपला काढल्या, अनवाणी अंगणात आली आणि गाडीतलं लाकूड उचललं. दुपार कलली तरी थर्मन उठला नाही. तिघं एकामागं एक जात-येत राहिले, आणि आवाज न होता लाकडांची रास उंच होत गेली.